दोन निळी फुलपाखरे

फुलपाखरांचा नाश त्यांना पकडणाऱ्या हौशी लोकांमुळे होतो, असा पुष्कळांचा समज असतो. कुरणाला कुंपण घातले की फुलपाखरू वाचले, असे त्यांना वाटते. हा समज किती अपुरा आहे, हे परदेशांतील दोन निळ्या फुलपाखरांच्या हकिकतीवरून ध्यानात येते.

पहिले ‘झर्सीझ ब्लू’. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर ते राही. शहर वाढले, टेकड्यांवर रस्ते व घरे झाली, सुरवंटांचे खाद्य असलेली रानझुडपे गेली. १९४० नंतर थोड्याच वर्षांत ते कायमचे नाहीसे झाले. येथे कारण उघड आहे. त्याचे घरच उरले नाही.

दुसरे ‘लार्ज ब्लू’. इंग्लंडमधील त्याची गवताळ टेकाडे पुष्कळ ठिकाणी जागच्या जागी होती. पकडणाऱ्यांना अडविण्यासाठी कुठे कुठे कुंपणेही घातली गेली. तरीही १९७९ साली ते ब्रिटनमधून नाहीसे झाले!

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने चिकाटीने निरीक्षण करून याचे मर्म शोधले. या फुलपाखराचा सुरवंट आरंभी थाइम नावाच्या सुगंधी वनस्पतीची फुले खातो आणि मग जमिनीवर उतरतो. एक तांबडी मुंगी त्याला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते. मुंगीसारखा चतुर जीव असा फसावा, हे नवलच! हा पाहुणा तेथे सुमारे दहा महिने राहून मुंग्यांचीच पिल्ले खातो. मात्र त्याला एका विशिष्ट जातीच्याच मुंग्या मानवतात आणि त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली जमीन लागते. गुरांचे चरणे थांबले, १९५० नंतरच्या साथीत ससे मेले. गवत चार बोटे वाढले, जमीन थंडावली आणि मुंग्या गेल्या. कुंपणाने माणसांबरोबर गुरेही अडविली होती.

टेकड्यांवर घरे बांधणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु सदिच्छेने झालेली चूक अधिक घातक ठरते, कारण तिच्याविषयी कोणाला संशयच येत नाही. ज्या जीवाचे रक्षण करावयाचे, त्याचे जीवन आधी जाणून घेतलेच पाहिजे.

इंग्लंडमध्ये पुन्हा गुरे चारून गवत आखूड राखले गेले. १९८३ पासून स्वीडनमधून सुरवंट आणून सोडण्यात आले आणि ‘लार्ज ब्लू’ परतले. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र २०२४ साली त्याच्या जागी ‘सिल्व्हरी ब्लू’ हे नात्यातील दुसरे फुलपाखरू सोडावे लागले.