विश्लेषण : खोली सोडताना ‘साफसफाई’च्या नावाखाली डिपॉझिट कापता येते का?

मे-जून म्हणजे अमरावती आणि अकोल्यात खोल्या बदलण्याचा हंगाम. परीक्षा संपतात, नोकरदारांच्या बदल्या होतात. अमरावतीत गाडगेनगर, कठोरा नाका, अकोल्यात तोष्णीवाल लेआउट, जठारपेठ अशा भागांत एक किरायेदार सामान बांधत असतो, तोवर दुसरा खोली पाहायला आलेला असतो. याच दिवसांत एक वाद हमखास होतो. सुरुवातीला दिलेल्या डिपॉझिटमधून घरमालक ‘रंगाचे’ आणि ‘साफसफाईचे’ पैसे कापून घेतो आणि उरलेली रक्कम हातावर ठेवतो.

ही कपात कायदेशीर असते का? नेमके काय कापता येते आणि काय नाही? दाद कुठे मागायची?

वाद नेमका कशावरून होतो?

समजा, डिपॉझिट १० हजार रुपये होते. खोली सोडताना रंगाचे ४ हजार आणि सफाईचे २ हजार कापून ४ हजार परत मिळाले. पावती नाही, हिशेब नाही. ‘सगळ्यांचेच कापतो’ एवढेच उत्तर मिळते.

घरमालकांची बाजूही आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या किरायावर घरखर्च चालवणारी अनेक कुटुंबे या दोन्ही शहरांत आहेत. तुंबलेले सिंक, फुटलेली काच, थकलेले वीजबिल मागे ठेवून किरायेदार निघून गेला तर भरपाईसाठी त्यांच्या हाती डिपॉझिटच असते. त्यामुळे डिपॉझिटमधून काहीच कापता येत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. प्रश्न आहे तो कशासाठी आणि किती कापायचे, याचा.

कायदा काय सांगतो?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर भाडेकरूने जागा मिळाली तेव्हाच्या स्थितीत परत करायची असते. मात्र रोजच्या वापराने होणारी साधारण झीज यातून वगळली आहे. बहुतेक घरे आज ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा नाही, त्यामुळे हे कलम त्याला थेट लागू होत नाही. पण वापरामुळे होणारी झीज वगळण्याची अट त्या करारांतही सहसा असते.

दुसरा आधार करार कायदा, १८७२ चा. कलम ७३ आणि ७४ नुसार भरपाई मागायची तर नुकसान झालेले असावे लागते. करारात ठरावीक रक्कम लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा असते. वाजवी भरपाई तिच्या आतच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. तो वाद जमिनीच्या लिलावातील अनामत रकमेचा होता. नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तिथे ते सिद्ध करावे लागते, नुकसानच नसेल तर कलम ७४ खाली भरपाई नाही, हे त्यातले तत्त्व आहे. ‘सगळ्यांचेच कापतो’ हे उत्तर या कसोटीवर टिकत नाही.

झीज कोणती, नुकसान कोणते?

बहुतेक वाद इथेच अडतो. दोन-तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणे, फरशी घासली जाणे, पावसाळ्यात ओल येणे ही झीज किंवा इमारतीची अडचण झाली. भिंतीत मोठी भोके पाडणे, दार मोडणे, नळ तोडणे हे नुकसान. स्वयंपाकघरातला तेलकट थर, न काढलेला कचरा, घाण संडास ही अस्वच्छता. ती साफ करण्याचा वाजवी खर्च मागता येतो, पण त्या निमित्ताने सगळ्या खोलीच्या रंगाचे पैसे मागता येत नाहीत.

वऱ्हाडात यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली पाण्याची. पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. क्षारयुक्त बोअरचे पाणी असेल तर नळावर आणि टाइल्सवर पांढरा थर चढतोच. तो पाण्याचा परिणाम आहे, किरायेदाराच्या निष्काळजीपणाचा नव्हे. दुसरी गोष्ट कूलरची. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. खिडकीखाली थोडे ओघळ दिसणे समजण्यासारखे आहे. पण महिनोन्महिने गळती होऊ देऊन प्लास्टर फुगले असेल तर त्याची जबाबदारी किरायेदारावर येऊ शकते.

रंगाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सुटते. आधीचा रंग तीन वर्षांपूर्वीचा असेल तर तो तसाही बदलण्याच्या बेतात आलेला असतो. नव्या रंगाचा पूर्ण खर्च किरायेदाराकडून घेतल्यास मालकाला जुन्याच्या बदल्यात नवे मिळते. ते नुकसानभरपाईत बसत नाही.

डिपॉझिटला मर्यादा आहे का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी विदर्भात सी.पी. अँड बेरारच्या काळातला १९४९ चा वेगळा आदेश होता. १९९९ च्या कायद्यात डिपॉझिटची कमाल मर्यादा किंवा ते परत करण्याची ठरावीक मुदत नाही. जे करारात लिहिले, तेच चालते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग ही मालकाची, तर नळ, सांडपाण्याच्या वाटेची सफाई, स्विच, काचा ही भाडेकरूची जबाबदारी, अशी यादीही त्यात आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक ठरत नाही. तरीही दोन्ही बाजूंनी हीच यादी करारात उतरवली तर बरेच वाद टळू शकतात.

इंग्लंडमध्ये २००७ पासून बहुतेक घरांचे डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावे लागते आणि वाद झाल्यास तिथेच पुरावे पाहून निर्णय मिळू शकतो. आपल्याकडे पैसे मालकाच्याच हाती असतात. त्यामुळे दाद मागायला धावावे लागते ते किरायेदाराला.

करारच नसेल तर?

दोन्ही शहरांत अनेक खोल्या तोंडी बोलीवर दिल्या जातात. तोंडी बोलीत आपली बाजू लंगडी, असे किरायेदारांना वाटते. कायदा मात्र उलट सांगतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ११ महिन्यांच्या करारालाही सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी म्हणजे बाबवार हिशेब आणि खर्चाच्या पावत्या लेखी मागणे. व्हॉट्सअॅपवर मागितले तरी चालेल, पण ते संदेश जपून ठेवावेत. उत्तर आले नाही तर ठरावीक मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवता येते.

त्यानंतरचा कमी खर्चाचा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. खटला दाखल करण्याआधीच तिथे अर्ज करून वाद लोकअदालतीत नेता येतो. त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही. मात्र तडजोडीला दोन्ही बाजू तयार असाव्या लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा असून पैसे वसुलीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. हा वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने पोलिस ठाण्यात गेल्यास बहुतेकदा न्यायालयाचाच रस्ता दाखवला जातो.

‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणत मुदत संपल्यावरही खोलीत राहणे मात्र धोक्याचे आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

मग कपात थांबत का नाही?

कारण रक्कम लहान असते. सहा हजारांसाठी वकील लावणे, तारखांना दुसऱ्या गावाहून येणे बहुतेकांना परवडत नाही. मालकालाही हे ठाऊक असते. म्हणून या वादाचा निकाल बरेचदा खोली सोडताना नव्हे, तर खोली घेतानाच लागतो. पहिल्या दिवशी भिंती, नळ, संडास, खिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवणे, डिपॉझिट ऑनलाइन देणे किंवा पावती घेणे, मीटरचे आकडे लिहून ठेवणे आणि रंग-सफाईचा खर्च कोणाचा हे करारात नोंदवणे, याला अर्धा तास लागतो. चावी परत देताना दोघांनी मिळून खोली पाहिली आणि तिथेच हिशेब लिहून सह्या केल्या, तर प्रामाणिक मालकाचेही नुकसान होत नाही आणि किरायेदाराचेही पैसे बुडत नाहीत.