बूट चावतो, आपण गप्प बसतो

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. मराठीत लेख पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र पायाचा आहे!

गेल्या डिसेंबरात होस्टेलचे आम्ही नऊ जण राजगड-तोरणा करायला निघालो. माझे बूट कोरे करकरीत, आदल्याच दिवशी घेतलेले. राजगडावर मुक्काम झाला. सकाळी संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने उतरलो आणि तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर डावी टाच चुरचुरायला लागली. सांगावं का? पुढे सिनियर्स गाणी म्हणत चाललेले. "काय रे, एवढ्यात दमलास?" हे ऐकायची माझी तयारी नव्हती. गप्प बसलो.

बुधला माचीच्या चढावर फोड आला आणि फुटलाही. लंगडून लंगडून उजवा गुडघा धरला. एका मित्राने माझी सॅक स्वतःच्या सॅकवर घेतली. वेल्ह्याला पोचेपर्यंत अंधार पडला, शेवटची एसटी गेलेली. टाच माझी एकट्याची, पण शिक्षा नऊ जणांना!

आपल्याकडे ट्रेकहून आल्यावर सोललेली टाच मेडलसारखी दाखवतात. मीही दाखवली असती. पण मला आता ठाम वाटतं, की फोड हा पराक्रम नाही, तो वेळेवर तोंड न उघडल्याचा पुरावा आहे.

इंजिनिअर आहोत, तर जरा मेकॅनिक्स बघू. फोड नुसतं कातडं घासल्यामुळे येत नाही. पावलागणिक आतलं हाड पुढे-मागे सरकतं, वरचं कातडं मात्र मोज्याला चिकटून राहतं. मधल्या थरांवर शिअर येतो, ते एकमेकांपासून सुटतात आणि तिथे पाणी भरतं. घामाने ओलसर झालेलं कातडं मोज्याला जास्तच धरतं. सुती मोजे पाणी धरून ठेवतात म्हणून ते नकोत. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्यावेत, वर एक कोरडा जोड सॅकमध्ये. नवे बूट आधी दोन आठवडे मेस आणि लेक्चरला घालून फिरवावेत. नखं कापलेली असावीत, आणि उतरताना घोट्यापाशी नाडी घट्ट बांधावी, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत.

औषधाच्या दुकानात कागदी सर्जिकल टेप मिळते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये 128 धावपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे 250 किलोमीटरच्या शर्यतीत जिथे ही टेप लावली होती, तिथे फोडांचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी भरलं. नेहमी चावणाऱ्या जागेवर ती निघतानाच लावायची. तरीही फोड आलाच तर वरचं कातडं ओढून काढू नका, खालच्या जखमेचं तेच झाकण असतं.

पण हे सगळं सॅकमध्ये असून उपयोग काय, जर "जरा थांबा" म्हणायची लाज वाटत असेल? माझ्याही सॅकमध्ये टेप होती! चुरचुरतं तेव्हा फोड अजून आलेला नसतो. तेव्हाच बूट काढून पाय पुसला, टेप लावली, मोजे बदलले, तर पाच मिनिटांत काम होतं. मी ती पाच मिनिटं वाचवली आणि सगळ्यांचे तीन तास घालवले.

म्हणून सिनियर्सना एक विनंती. यापुढे प्रत्येक ट्रेकला पहिल्या अर्ध्या तासाने लीडरने सगळ्यांना थांबवावं आणि विचारावं, "कुणाची टाच चुरचुरतेय?" विचारल्यावर हसू नये, एवढंच. पहिला हात मी वर करीन.