आज्ञेवरून

मराठीचा अध्यापक इमारतीत राहायला आला, की दोन कामे हमखास त्याच्या वाट्याला येतात. गणेशोत्सवातल्या वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षण हे पहिले आणि सोसायटीच्या फलकांचे शुद्धलेखन हे दुसरे. पहिल्या कामापायी इमारतीतल्या चार आयांनी माझ्याशी अबोला धरला. दुसऱ्यापायी माझी सख्खी बहीण माझ्या घरी येईनाशी झाली. ती हकीकत आज सांगतो.

पुण्याच्या एका उपनगरात आमची सोसायटी आहे. बिऱ्हाडे ५६ आणि मोटारी उभ्या करायच्या जागा ३१. या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आमच्या सगळ्या भांडणांचे मूळ आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

गेल्या वर्षी सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. विषयपत्रिकेवर अकरा विषय होते आणि मागच्या टेबलावर बटाटेवडे होते. नववा विषय निघाला तेव्हा वड्यांचा वास पुढच्या रांगेपर्यंत पोहोचला होता. चिटणिसांनी पाहुण्यांच्या वाहनांविषयी काहीसे वाचले, कुणीतरी 'मंजूर, मंजूर' म्हणाले, आणि चौघांचे हात वर गेले तसा माझाही गेला.

चार दिवसांनी चिटणीस एक कागद घेऊन घरी आले. "सर, बोर्ड रंगवायला टाकायचाय. जरा भाषा बघता का?" कागदावर मराठी क्रियापदांच्या आधाराने पुष्कळसे इंग्रजी उभे होते. मी उत्साहाने लेखणी उचलली आणि अर्ध्या तासात मजकूर शुद्ध करून दिला : 'अभ्यागतांचे वाहन रात्री दहानंतर आवारात आढळल्यास त्यास जॅमर लावण्यात येईल व रुपये ५०० दंड आकारण्यात येईल. — आज्ञेवरून.' सौभाग्यवतीने तो वाचला आणि म्हणाली, "दारात आलेल्या माणसाशी असं बोलतात का?" मी तिला कार्यालयीन भाषेची वैशिष्ट्ये समजावून सांगितली. ती कणीक मळायला निघून गेली.

मग भाऊबीज आली. ताई आणि भाऊजी साताऱ्याहून त्यांच्या जुन्या गाडीने आले. भाऊजींना रात्री गाडी चालवणे आता झेपत नाही, म्हणून दोघांनी मुक्काम केला. ताईने ओवाळले, मी तबकात ५०१ रुपये टाकले. रात्री बारापर्यंत आईच्या आठवणी निघाल्या. आई गेल्यापासून ताईला माहेर म्हणून उरले आहे ते माझेच घर.

सकाळी मी पिशव्या घेऊन खाली उतरलो, तेव्हा भाऊजींच्या गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर होता. भाऊजी काही न बोलता पहारेकऱ्याच्या हातात पैसे देत होते. मी धावलो, पण पावती फाडून झाली होती. ताई फलकापाशी उभी होती. "किती शुद्ध लिहिलंय रे!" ती म्हणाली. मग हसली. "तुझी ओवाळणी इथंच देऊन चालले. वरचा रुपया तेवढा राहिला बघ." फलक माझ्या हातचा आहे हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. संक्रांतीला बोलावले तर म्हणाली, "आता तूच ये. आमच्या अंगणाला पावतीपुस्तक नाही." शब्द थट्टेचे होते, पण ती आली नाही.

मी रागारागाने चिटणिसांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, ठरावाला तुमचाही हात वर होता. आणि भाषा तर तुमचीच." यावर मराठीच्या अध्यापकाला सुचेल असे काहीच नव्हते. घरी आलो आणि दहा वर्षे कपाटात पडलेले सोसायटीच्या उपविधींचे पुस्तक प्रथमच उघडले.

आमची सोसायटी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे. मोटारींच्या जागेचे शुल्क किती असावे हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे. तेव्हा शुल्क घेणे गैर नव्हे. दंडाची गोष्ट मात्र वेगळी. नियम मोडणाऱ्या सभासदाला आधी नोटीस द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मग सभेने निर्णय घ्यायचा. तोही दंड एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. रात्री दहाला गाडी दिसली आणि सकाळी आठला दंड वसूल झाला, तोही सभासदाच्या पाहुण्याकडून, अशी सोय त्या पुस्तकात मला सापडली नाही. जॅमर हा शब्द तर औषधालाही नव्हता.

"तर मग या महिन्याचं बिलच भरू नका," असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. तो मी मानला नाही. थकबाकीवर व्याज लावता येते. शिवाय पाचशे रुपयांच्या रागापायी पाणी आणि लिफ्ट यांचे पैसे अडवणे बरे नव्हे. बिल वेळेवर भरले आणि समितीला एक पत्र दिले. त्यात तक्रार नव्हती, तीन प्रश्न होते : सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळेल का? दंड कोणत्या उपविधीखाली घेतला? आणि मला नोटीस कोणत्या तारखेला दिली? सोबत पावतीची नक्कल जोडली आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली.

इतिवृत्त हाती आले आणि मी चाट पडलो. सभेने मंजूर केले होते ते 'पाहुण्यांच्या गाडीची नोंद करून रात्रीला ५० रुपये शुल्क घ्यावे' एवढेच. पाचशेचा आकडा आणि जॅमर पुढे समितीच्या बैठकीत चिकटले होते, आणि ठराव न वाचता मी त्यांना अलंकार चढवले होते.

एका संध्याकाळी चिटणीस स्वतःच वर आले. चहा पिताना म्हणाले, "सर, जॅमर काही हौसेनं नाही आणला. समोरच्या मंगल कार्यालयातली वऱ्हाडं आपल्याकडे गाड्या लावून जातात. जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना न्यायला आलेली रुग्णवाहिका फाटकाबाहेर वीस मिनिटं अडकली होती. तेव्हा मी खाली उभा होतो." त्या रात्री मी झोपेत होतो. आजोबा वाचले, पण चिटणिसांच्या आवाजातली ती वीस मिनिटे मला विसरता येत नाहीत. दंड चुकीचा होता. त्यामागची भीती चुकीची नव्हती.

या वर्षीच्या सप्टेंबरातल्या सभेत वडे येण्याआधीच मी बोलायला उभा राहिलो. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बाजू मांडली की त्यांच्या दोन जागा त्यांनी बिल्डरकडून रोख पैसे मोजून घेतल्या आहेत. इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे, हे त्यांना हळू आवाजात सांगावे लागले. दोन तास घासाघीस झाली. शेवटी ठरले ते असे : जागा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे, दोन जागा पाहुण्यांसाठी राखायच्या, पहिली रात्र विनामूल्य, पुढे रात्रीला ५० रुपये, गाडी अनोळखी वाटली तर पहारेकऱ्याने आधी घरोघरी फोन करायचा, आणि रुग्णवाहिकेच्या वाटेत कुणाचीही गाडी उभी राहता कामा नये, मग ती अध्यक्षांची का असेना. दंडाचे पाचशे रुपये समितीने परत केले.

फलकाचा मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. वर्गात मी मुलांना शिकवतो, की कर्मणी प्रयोगात कर्ता मागे सरतो. 'आकारण्यात येईल', 'लावण्यात येईल'. पण कोण आकारणार? कोण लावणार? कुणाची आज्ञा? इतकी वर्षे शिकवूनही ही गोष्ट मला कळली ती पिवळ्या जॅमरपाशी. या वेळी मी लिहिले : 'पाहुण्यांनो, गाडीचा क्रमांक फाटकावर नोंदवा. आम्ही तुम्हाला जागा दाखवू. रुग्णवाहिकेची वाट मात्र मोकळी ठेवा. — आपले, इमारतीतील सर्व सभासद.' सौभाग्यवतीने वाचला आणि या खेपेला काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडला.

गेल्या रविवारी ताईला फोन करून सगळे सांगितले. फलक माझा होता हेसुद्धा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. 'अभ्यागत' असं दुसरं कोण लिहिणार?" आणि जरा थांबून तिने विचारले, "भाऊबीजेला एस.टी.नं येऊ, की गाडीनं?"

"गाडीनंच या," मी म्हटले. "मी फाटकावर उभा असेन."