कपड्यांत उरलेला साबण

गेल्या हिवाळ्यात आमच्या अप्पांच्या पाठीला खाज सुटली. वय वर्षे 84, दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर. थंडीने कातडी कोरडी पडली असेल, म्हणून खोबरेल चोळले. मग एकामागून एक मलमे झाली. खाज हटेना. अखेर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी प्रथम बोटांच्या बेचक्या आणि मनगटे पाहून खरूज नसल्याची खात्री करून घेतली, मग सदऱ्याची कड चिमटीत धरून मला विचारले, “हा धुताना शेवटचे पाणी कितीदा बदलता?”

मला उत्तर देता येईना. सासऱ्यांचे कपडे घरात सर्वांत स्वच्छ असावेत, या हौसेने मी पावडर दुप्पट टाकीत असे, शेवटच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक ओतीत असे आणि कपडे तसेच पिळून दोरीवर घालीत असे. वर पाणी वाचवल्याचे समाधान!

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते; कपड्यांची पावडर व वडी बहुधा क्षारधर्मी. उतारवयात त्वचेतील तैलग्रंथी मंदावतात, वरचा थर कोरडा व नाजूक होतो. धाग्यांत अडकलेला साबण घामाने वा लघवीने ओला झाला की कातडीवर उतरतो. आणि कूस पालटणेही ज्यांना कष्टाचे, त्यांच्या पाठीखाली तो तासन्‌तास राहतो. ओरखड्याची जखम व्हायला मग वेळ लागत नाही. बोअरचे जड पाणी असेल तर वडीचा साबण त्यातील कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साका तयार करतो. पंचा पापडासारखा कडक होतो, त्याला बऱ्याचदा हा साकाच कारण असतो.

परीक्षा सोपी आहे. धुऊन वाळलेला पंचा स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने खळबळावा. पाणी फेसाळले, तर साबण उरला आहे. आम्ही पावडर निम्म्यावर आणली, कपडे तीन पाण्यांतून काढू लागलो, जंतुनाशक बंद केले. डॉक्टरांनी दिलेले साधे स्निग्ध मलम अंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच लावू लागलो. महिन्याभरात अप्पांची झोप परतली. एके दिवशी बंडी नाकाशी धरून म्हणाले, “आता कपड्याला कपड्याचा वास येतो गं.”

लघवीने वा रक्ताने भिजलेली चादर आधी साध्या गार पाण्यातून काढावी. थेट गरम पाण्यात टाकल्यास रक्तातील प्रथिने धाग्यात पक्की बसतात. त्यानंतर सुती कापडाला गरम पाणी खुशाल द्यावे. सूत ओले असताना अधिक बळकट असते, म्हणून आपल्या आज्यांनी दगडावर धोपटूनही धोतरे वर्षानुवर्षे टिकली. रेयॉनचे मात्र उलटे: ओले झाले की ते दुबळे होते, म्हणून रेयॉनचा गाऊन कधीही पिळू नये. पॉलिएस्टर घाम जवळजवळ शोषतच नाही. दिसायला कितीही छान असले, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मला ते नको वाटते. कपडे मऊ करणारा सुवासिक द्रवही पंच्याला लावू नये. त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि पंचा पाणी टिपेनासा होतो. जुने, विरलेले धोतर फाडून केलेल्या फडक्याची सर त्याला नाही. मी अशी दोन धोतरे पोछ्याला लावली होती, त्याची चुटपुट अजून आहे.

लोकरीच्या धाग्यावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे यांनी ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर नातवाच्या मापाचा होतो. गार पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात हलकेच दाबावा; पिळू नये, पंच्यात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवा पसरावा. लोकर व रेशीम ही केसांसारखी प्रथिनेच; ब्लीचने ती नासतात. डाग पचवणारी विकरे असलेली पावडरही त्यांच्यासाठी नव्हे. लोकर कातडीला टोचते, तेव्हा तिच्याखाली पूर्ण बाह्यांची सुती बंडी हवी. मग शाल-स्वेटर वरचेवर धुवावेही लागत नाहीत, वाऱ्यावर टाकले तरी पुरते.

एक गोष्ट पेटीतल्या कपड्यांविषयी. पणतू जन्माला आला की पणजी हौसेने जपून ठेवलेले दुपटे काढते. ते डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असेल, तर बाळाला त्यात गुंडाळू नये. काही बाळांमध्ये जन्मतः एका विकराची उणीव असते. गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ त्यांच्या तांबड्या पेशी फोडते आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही उणीव वरून दिसत नाही. पुढच्या पिढीसाठी जपायचे कपडे धुऊन, कडकडीत वाळवून, जुन्या मलमलीत बांधावेत आणि सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. डांबराच्या गोळ्या त्या पेटीत नकोत.