चावी कुणाकडे?

वाकोल्याला आमच्या इमारतीवरून विमाने इतकी खाली जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते. परवा असेच थांबलो होतो. विमान गेले आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "काका, लॅपटॉप माझा, मग परवानगी दुसऱ्याची कशाला?"

हकिगत अशी. एका कचेरीने विकायला काढलेला लॅपटॉप त्याच्या वडिलांनी पै-पै जमवून घेतला. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी हे यंत्र जुने ठरले. म्हणून पोराने लिनक्स घातले. ते सुरळीत चालले. मग हौसेने त्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतः तयार केला. यंत्राने तो सुरूच होऊ दिला नाही. म्हणे, सही ओळखीची नाही! सहीची तपासणी बंद करायला गेलो, तर तिथे आधीच्या मालकाचा पासवर्ड.

मला माझे पहिले यंत्र आठवले. १९९४ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेले. ते सुरू होताना दोन लहान फायली वाची, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट. वहीसारख्या उघडाव्यात, एखादी ओळ बदलावी. चुकले की यंत्र रुसे. मग फ्लॉपी घालून त्याची समजूत काढायची. मी बँकेतला माणूस, संगणकाचे शिक्षण शून्य. पण यंत्र उठल्यावर काय काय करते, हे मला ओळीओळीने ठाऊक होते. या फायलींच्याही आधी बायोस हा मूळ प्रोग्राम डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट उचली आणि डोळे मिटून त्यांच्या हाती कारभार सोपवी.

तो विश्वास भाबडाच होता. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांचा 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या त्याच पहिल्या कप्प्यात जाऊन बसला. पुढे बायोसच्या जागी युईएफआय आले आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' घरोघर पोचले. आता सही पटल्याशिवाय पहिले पाऊलही पडत नाही. लिनक्समध्येही २०१० नंतर सिस्टिमडी आले आणि एकामागून एक चालणाऱ्या, वाचता येणाऱ्या आज्ञांची जागा एका मोठ्या कारभाऱ्याने घेतली. यंत्र लवकर उठू लागले. पण ते कसे उठते, हे हौशी माणसाला कळेनासे झाले.

सही तपासू नका, असे मी कसा म्हणेन? माझा जन्म नमुना सहीच्या कार्डाशी चेक ताडून पाहण्यात गेला. पण बँकेच्या लॉकरला दोन चाव्या असतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. ग्राहकाच्या चावीशिवाय नुसत्या बँकेच्या चावीने लॉकर उघडत नाही. घरच्या संगणकात मात्र कारखान्यातूनच बहुधा मायक्रोसॉफ्टच्या चाव्या बसून येतात. मालकाला आपली चावी बसवता येते, पण ती कुठे नि कशी, हे दुकानदारही सांगत नाही. आणि एवढे करून कुलूप अभेद्य आहे म्हणावे, तर २०२३ मध्ये 'ब्लॅकलोटस'ने तेही चुकवून दाखवले.

आमच्या पोराला अखेर वाट सापडली. लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा एक दुवा केला आहे. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, पण त्यात मालकाला आपली चावी नोंदवता येते. तिचे नावच 'मशीन ओनर की'. दोन रविवार गेले, निळ्या पडद्यावर नोंद झाली आणि त्याचा कर्नेल उठला. पण ज्याच्याजवळ दोन रविवार नाहीत, त्याने काय करावे?

लिनक्स हेच मुळी १९९१ साली हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याच्या हौसेतून जन्मले. त्याच्या यंत्राने त्याला दारातच अडवले असते तर? कुलूप जरूर असावे. पण यंत्र विकणाऱ्याने ग्राहकाची चावी ग्राहकाच्या हातात द्यावी, ती कशी फिरवायची हे साध्या मराठीत लिहून द्यावे, आणि कचेऱ्यांनी जुनी यंत्रे विकताना आपले पासवर्ड काढून घ्यावेत. घर विकल्यावर जुना मालक किल्ल्या खिशात घालून नेत नाही.