अद्भुतकथांचे ऋण

कल्याण सोडून लोहमार्ग कर्जतच्या दिशेने वळला, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकामागून एक लागतात. येथील माणसे पहाटेपासून गाडी गाठण्यासाठी धावत असतात. कोणी मुंबईच्या कचेरीत जातो, कोणी कारखान्याची वाट धरतो, कोणी आपले दुकान उघडतो. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या अशा गावांत राक्षस, पऱ्या, उडते गालिचे आणि भुयारे यांना कोठून जागा असणार, असे एखाद्याला वाटेल. परंतु अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी घटकाभर थांबले, म्हणजे हा समज टिकत नाही.

वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले हे मंदिर कोरीव कामाने नटलेले आहे. गाभाऱ्यात जाण्यासाठी येथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. आणि शिखर पूर्ण नसल्यामुळे गाभाऱ्यातून वर पाहिले असता आकाश दिसते. हे शिखर अपुरे का राहिले? जुनी माणसे सांगतात की, पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधावयास घेतले. कळस चढविण्यापूर्वीच उजाडले आणि काम तेथेच थांबले. मंदिरातील शिलालेख मात्र वेगळी हकीकत सांगतो. शके 982, म्हणजे इ. स. 1060 या वर्षी, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीत हे मंदिर उभे राहिले. इतिहास म्हणून शिलालेखाचेच म्हणणे ग्राह्य होय. पण त्यामुळे पांडवांची कथा टाकाऊ ठरत नाही. आजीच्या तोंडून ती ऐकलेले मूल देवळात जाते, तेव्हा मान वर करून अपुरे शिखर शोधते आणि ‘खरेच असे झाले असेल का?’ असे विचारते. या प्रश्नाचे बोट धरूनच ते पुढे शिलालेखापर्यंत पोहोचते. ज्याने कथा ऐकलेली नाही, तो पुष्कळदा वर न पाहताच परत फिरतो.

असे असूनही अद्भुतरम्य पुस्तकांकडे वडीलधारी माणसे संशयाने पाहतात. ज्यांत असंभाव्य घटना घडतात, साहसाला सीमा नसते आणि नायक-नायिका एकमेकांसाठी प्राणही द्यावयास सिद्ध असतात, अशी पुस्तके वाचून मुले स्वप्नाळू होतात, असे त्यांचे म्हणणे असते. गणिताच्या वहीखाली दडवून जादूगाराची गोष्ट वाचणारा मुलगा सापडला, की हा आरोप अधिकच जोराने केला जातो. या कथा म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक. आयुष्यातील अडचणींना पाठ दाखविणाऱ्यांनी त्या लिहिल्या आणि तशाच माणसांनी त्या वाचल्या, असा या आरोपाचा सारांश आहे. तो खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी त्या लेखकांकडेच गेले पाहिजे.

अशा लेखकांची जुनी पुस्तके शोधणाऱ्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. बदलापूर येथे श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय उभारले आणि इतरत्र सहसा न मिळणारे जुने मराठी ग्रंथ व नियतकालिके कष्टाने जमविली. जुन्या मराठी पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. मराठी गद्य अजून बाल्यावस्थेत होते, तेव्हाच अद्भुतकथेने त्याचा हात धरला होता. ‘मराठी व्याकरणावरील निबंध’ लिहिणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर हे केवढे गंभीर पंडित! पण त्यांनीच ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि 1861 पासून त्या पुस्तकरूपाने वाचकांपुढे येऊ लागल्या. व्याकरणाच्या काटेकोर नियमांत रमणाऱ्या विद्वानाला दिव्यातून निघणाऱ्या राक्षसाचे वावडे वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या गोष्टी सांगणारी शहरजादी तरी रिकामटेकडी होती काय? दररोज नव्या राणीशी विवाह करावा आणि सकाळी तिचा वध करवावा, असा राजाचा क्रूर निश्चय होता. शहरजादीने आपण होऊन ते संकट पत्करले. ती रात्री गोष्ट सांगू लागे आणि पहाट होताच ऐन उत्कंठेच्या जागी थांबे. पुढे काय झाले, हे ऐकण्यासाठी राजा तिला एक दिवस जगू देई. अशा एक हजार एक रात्री गेल्या आणि अखेरीस राजाचे मन पालटले. तिच्याजवळ शस्त्र नव्हते, सैन्य नव्हते. होती ती केवळ गोष्ट. तिने आपला जीव वाचविलाच, शिवाय राज्यातील इतर मुलींचेही प्राण वाचविले. या ग्रंथाच्या मुळाशी असलेली ही कल्पना नीट समजली, म्हणजे गोष्टीला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस होत नाही.

शहरजादी कल्पनेतील, पण नाथमाधव हे तर हाडामांसाचे मराठी लेखक होते. त्यांचे नाव द्वारकानाथ माधव पितळे. त्यांचा जन्म 1882 साली झाला. ऐन तारुण्यात शिकारीसाठी गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले. प्राण वाचले, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. डोंगर चढणारा तरुण अंथरुणाला खिळला. अशा प्रसंगी दुसरा एखादा दैवाला दोष देत पडून राहिला असता. नाथमाधवांनी वाचन सुरू केले आणि पुढे लेखणी हाती घेतली. 1913 साली त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिने घरोघरच्या वाचकांना वेड लावले. पुढे शिवकालावर त्यांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आणि ‘स्वराज्याची स्थापना’ यांसारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. ज्याला स्वतःच्या पायांनी अंगण ओलांडता येत नव्हते, त्याने हजारो वाचकांना रानावनांतून आणि गडकोटांवरून हिंडविले! 1928 साली ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांना जीवनापासून पळणे म्हणावयाचे असेल, तर ते पळणे किती शूर होते, हेही सांगितले पाहिजे.

एका माणसाचे शरीर मोडले, तेव्हा अद्भुतकथेने त्याला सावरले. एका समाजाचे घर मोडले, तेव्हा काय झाले, हे उल्हासनगरात दिसते. 1947 साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांतातील हजारो कुटुंबांना घरदार, शेतीवाडी आणि व्यापार मागे टाकून यावे लागले. त्यांपैकी पुष्कळांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत संसार मांडले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या माणसांच्या हाती सामान थोडे होते. पण त्यांच्या स्मरणात शाह अब्दुल लतीफ या थोर सिंधी कवीने अमर केलेल्या कथा होत्या. लतीफ यांचा काळ 1689 ते 1752. सस्सुई आणि पुन्हू, सोहणी आणि मेहार, मूमल आणि राणो यांच्या प्रेमाच्या लोककथा त्यांनी आपल्या काव्यात गुंफल्या.

त्या कथांत मारुईची कथा विशेष हृदयस्पर्शी आहे. मारुई ही थरच्या वाळवंटातील मलीरची गरीब मुलगी. उमर राजाने तिला पळवून उमरकोटच्या वाड्यात कोंडले. रेशमी वस्त्रे, दागदागिने, राणीपद अशी सर्व आमिषे त्याने तिच्यापुढे ठेवली. तिने एकालाही स्पर्श केला नाही. आपली जाडीभरडी लोकरी ओढणी तिने अंगावरून काढली नाही आणि आपल्या माणसांची, आपल्या गावच्या विहिरींची आठवण सोडली नाही. शेवटी राजाच हरला आणि त्याने तिला परत पाठविले. मारुई मलीरला पोहोचली. बराकींत राहिलेल्या माणसांना मात्र परत जावयाचे नव्हते. म्हणूनच ही कथा त्यांना किती जवळची वाटली असेल, याची कल्पना करता येते. गाव नकाशावर दुरावले, तरी त्याच्यावरील निष्ठा मनात जपता येते, हे तिने सांगितले. प्रेमकथा म्हणजे केवळ राजपुत्र आणि राजकन्या यांचे लग्न, असे समजणाऱ्यांनी मारुईकडे पाहावे. प्रेमाचे दुसरे नाव निष्ठा आहे, हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

अद्भुतकथा मनाला धीर देते, तशीच ती बुद्धीलाही जागे करते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने 1865 साली चंद्राकडे निघालेल्या तीन प्रवाशांची कथा लिहिली. त्याचे प्रवासी अमेरिकेतील फ्लोरिडा येथून निघाले. आणि 1969 साली चंद्रावर उतरणारी मोहीमही तीन प्रवाशांना घेऊन फ्लोरिडातूनच निघाली. व्हर्नने आपले यान प्रचंड तोफेतून उडविले होते. तशा धक्क्याने प्रवासी जिवंत राहिले नसते, हे आज शाळेतील मुलालाही समजते. पण चंद्रावर जाता येईल काय, हा प्रश्न त्याने कितीतरी मुलांच्या मनात पेरला. व्हर्नच्या कथा मराठी मुलांना आपल्या वाटाव्यात, अशा भाषेत आणण्याचे मोठे काम भा. रा. भागवत यांनी केले. फास्टर फेणे हा चपळ मुलगाही त्यांच्याच लेखणीतून जन्मास आला.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांची गोष्ट तर स्वतःच एखाद्या कथेसारखी आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेतले. त्यांच्या खऱ्या नावाची आद्याक्षरेच त्यात उलट्या क्रमाने आली होती. ‘कृष्णविवर’ या त्यांच्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा हा जगताप कोण, ते उघड झाले. ताऱ्यांचे गणित मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाने 2025 साली जगाचा निरोप घेतला. पण कल्पनाशक्ती आणि विज्ञान यांचे वैर नसते, याची साक्ष त्यांची पुस्तके देत आहेत.

याचा अर्थ प्रत्येक अद्भुतकथा चांगली असते, असा नव्हे. वडीलधाऱ्यांच्या आरोपात जो सत्यांश आहे, तो मान्य केलाच पाहिजे. 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ ही अद्भुत कादंबरी लिहिली. आपल्या समाजाच्या नित्याच्या जीवनात मन रमेल असे फारसे काही नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन त्यांनी प्रस्तावनेत केले. हे त्यांचे म्हणणे पुढे हरि नारायण आपटे यांनी आपल्या कृतीने खोटे ठरविले. 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी लिहिली. तीत राक्षस नाही, जादू नाही. आहे ती यमू नावाच्या साध्या मुलीची करुण कहाणी. ती वाचताना आजही डोळे पाणावतात. शेजारच्या घरातील दुःख ज्याला दिसत नाही, त्याला सात समुद्रांपलीकडची राजकन्या दिसून काय उपयोग? मात्र ज्या लेखणीने यमूची कथा लिहिली, तिनेच ‘उषःकाल’ ही रहस्य आणि साहस यांनी भरलेली ऐतिहासिक कादंबरीही लिहिली. आपट्यांना दोन्हींची गरज वाटली, यातच या वादाचा निकाल आहे.

तेव्हा कथा अद्भुत आहे की वास्तव, एवढ्यावरून तिची किंमत करू नये. पुस्तक मिटल्यावर वाचक कसा उठतो, ते पाहावे. जी कथा वाचून उठल्यावर घरची कामे, शाळा आणि सोबती यांचा कंटाळा येतो, ती कितीही गोड असली तरी दूर ठेवणे बरे. जी वाचून उठल्यावर धीर वाढतो, प्रश्न पडतात आणि दुसऱ्याचे दुःख कळू लागते, ती खुशाल वाचावी. मात्र गणिताच्या वहीखाली दडवून नव्हे, तर गणित सोडवून झाल्यावर, उघडपणे!

शहरजादी, नाथमाधव आणि लतीफ यांचे वाचकांवर ऋण आहे. ते पैशाने फिटत नाही. ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितली, म्हणजेच ते थोडेसे फिटते. अंबरनाथच्या मुलाने उल्हासनगरच्या मित्राला पांडवांच्या अपुऱ्या कळसाची गोष्ट सांगावी; त्या मित्राने आपल्या आजीकडून ऐकलेली मारुई त्याला द्यावी; आणि दोघांनी मिळून बदलापूरची गाडी धरावी व वाचनालयात जाऊन नवे पुस्तक मागावे. तीन गावांमधले अंतर गाडीने काही मिनिटांचे आहे. माणसामाणसांमधले अंतर मात्र पुष्कळदा गोष्टीनेच तुटते.