सुरक्षितता दुकानात मिळते काय?

अमेरिकेत शस्त्रांच्या दुकानाची पायरी चढणाऱ्या असंख्य गिऱ्हाइकांच्या मनात एकच प्रश्न असतो : नेमबाजीच्या रेंजवर सरावाला चालेल आणि घराच्या रक्षणालाही उपयोगी पडेल असे पूर्ण आकाराचे पिस्तूल कोणते घ्यावे? वरवर पाहता हा प्रश्न शिलाई यंत्र किंवा सायकल निवडण्याइतका साधा आहे. नळी किती लांब, वजन किती, मॅगझिनमध्ये काडतुसे किती, चाप किती हलका, एवढ्या चौकशीवर त्याचे उत्तर मिळते. परंतु या एका प्रश्नात दोन अगदी भिन्न गरजा एकत्र बांधल्या गेल्या आहेत आणि त्या गाठीतच अमेरिकी समाजाच्या एका मोठ्या दुखण्याचे मूळ आहे. तिकडे आप्तस्वकीय असणारी मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत. तेव्हा येथील वाचकानेही या प्रश्नाचा विचार केलेला बरा.

प्रथम वस्तूचा विचार वस्तू म्हणून करू या. पूर्ण आकाराचे पिस्तूल म्हणजे कपड्याआड लपविण्यासाठी नव्हे, तर सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या कमरपट्ट्यासाठी घडविलेले पिस्तूल. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉकची 17 क्रमांकाची आवृत्ती घ्या. तिची नळी 114 मिलिमीटरची, मॅगझिनमध्ये 17 काडतुसे मावतात, आणि सांगाडा पॉलिमरचा असल्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे 625 ग्रॅमच भरते. अमेरिकी सैन्याने 1985 मध्ये घेतलेल्या इटालियन बनावटीच्या बेरेटा 92 ची नळी 125 मिलिमीटरची, सांगाडा धातूचा आणि वजन किलोग्रॅमच्या जवळपास. तिच्या जागी सैन्याने 2017 मध्ये सिग साउअरच्या पी 320 ची लष्करी आवृत्ती निवडली. या तिन्ही पिस्तुलांचे नेहमीचे काडतूस 9 मिलिमीटरचे, म्हणजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत जॉर्ज लुगर याने सिद्ध केलेले.

या आकाराचे गुण खरे आहेत. वजन अधिक, म्हणून गोळी सुटतानाचा धक्का हाताला कमी जाणवतो. नळी लांब, म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर वाढते व नेमातील चूक डोळ्याला लवकर दिसते. मूठ मोठी, म्हणून सगळी बोटे तिच्यावर नीट बसतात. नवशिक्याने फार हलके वा लहान पिस्तूल घेऊ नये, स्वतःच्या हाताला बसेल तेच घ्यावे, आणि सराव परवडावा म्हणून स्वस्त व सर्वत्र मिळणारे काडतूस निवडावे, असा सल्ला जाणकार देतात. रेंजपुरता तो निर्दोष आहे.

रेंज ही तुच्छ लेखण्याची जागा नव्हे. नेमबाजी ही शिस्तीची आणि एकाग्रतेची कला आहे. 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्या. त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट बावीसचे लहान काडतूस. भारतात 9 मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरच्या वर्गात मोडते आणि सर्वसामान्य नागरिकाच्या वाट्याला येत नाही. तरीही येथे उत्तम नेमबाज घडले. नेम शिकण्यासाठी उशाशी भरलेले पिस्तूल बाळगावे लागत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

घरात पाऊल टाकताच हिशेब बदलतो. रेंजवर शस्त्र केव्हा भरावयाचे व केव्हा खाली ठेवावयाचे हे सांगणारा माणूस हजर असतो. गोळी थोपविणारा बांध असतो. समोर कागदाचे लक्ष्य असते. घरात यांपैकी काहीच नसते. तेथे अंधार असतो, झोपमोड झालेला भयभीत माणूस असतो, आणि जिप्समच्या पातळ फळ्यांची भिंत असते. 9 मिलिमीटरची गोळी ती भिंत सहज भेदते. भिंतीपलीकडे मूल झोपलेले असू शकते. रेंजवरचे शस्त्र घरी आणल्यावर रिकामे करून कुलपात ठेवता येते. रक्षणाचे शस्त्र मात्र भरलेले आणि हाताशी हवे, असे विक्रेता सांगतो. पण जे शस्त्र मालकाच्या हाती क्षणात येते ते खचलेल्या तरुणाच्या, कुतूहलाने कपाट उघडणाऱ्या मुलाच्या आणि दारूच्या नशेत संतापलेल्या नवऱ्याच्या हातीही क्षणातच येते.

या दोन गरजांची गाठ कोणी मारली? अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था 1871 मध्ये स्थापन झाली ती नागरिकांची नेमबाजी सुधारण्याच्या हेतूने. 1977 मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत तिची सूत्रे शस्त्रनियंत्रणाला कट्टर विरोध करणाऱ्या गटाकडे गेली आणि खेळाची संघटना राजकीय दबावाची संघटना बनली. 2008 मध्ये डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा घटनादत्त अधिकार ठरविला. राजधानीतील पिस्तूलबंदी तर त्याने रद्द केलीच. शिवाय घरातील शस्त्र सुटे करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्तीही रद्द केली. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत शस्त्रधारकांपैकी 72 टक्के लोकांनी संरक्षण हे शस्त्र बाळगण्याचे प्रमुख कारण म्हणून सांगितले. खेळातील नेमबाजी हे प्रमुख कारण सांगणारे 30 टक्के होते. रेंज हे आता बहुतेकांसाठी निमित्त उरले आहे. माल विकला जातो तो भीतीच्या बळावर.

आणि हा माल दिलेला शब्द पाळतो काय? 2023 मध्ये अमेरिकेत 46,728 माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांपैकी सुमारे 27,300 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच अधिक. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी बारा वर्षांच्या काळासाठी तपासल्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले ते असे : पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत गोळी झाडून आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट, तर स्त्रियांत पस्तीसपटीहून अधिक. 2022 मध्ये याच संशोधकांनी स्वतःकडे शस्त्र नसलेल्या, परंतु पिस्तूलधारकाबरोबर राहणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा धोका त्यांना सातपट असल्याचे दिसले, आणि अशा घरांत राहणाऱ्या या माणसांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. निराशेचा झटका बहुधा ओसरतो, आणि त्यातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. हाताशी भरलेले पिस्तूल असले की सावरायला अवधीच मिळत नाही. चोरासाठी आणलेले शस्त्र घरच्याच माणसाचा घात करू शकते.

तथापि ज्याला भीती वाटते त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणे हा उथळपणा होईल. ही भीती निराधार नाही. जून 1999 मध्ये कोलोरॅडोतील कॅसल रॉक या गावी जेसिका गोन्झालेस यांच्या तीन मुलींना त्यांच्या विभक्त पतीने पळवून नेले. त्याला दूर ठेवणारा न्यायालयाचा आदेश त्यांच्या हाती होता. त्यांनी पोलिसांना पुनःपुन्हा दूरध्वनी केले, रात्री त्या स्वतः ठाण्यावर गेल्या. कोणी हालले नाही. तिन्ही मुली ठार झाल्या. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, असा आदेश पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा घटनादत्त हक्क त्या मातेला नाही. ज्या देशाचे न्यायालय हे सांगते आणि तीनच वर्षांनी पिस्तुलाचा हक्क मान्य करते, तेथील स्त्रीने शस्त्राच्या दुकानाकडे धाव घेतली तर नवल ते काय? मात्र त्या पित्याने वापरलेले पिस्तूलही त्याच संध्याकाळी विकत घेतलेले होते, हे विसरता येणार नाही. जे दुकान घाबरलेल्या मातेला रक्षण विकते, तेच तिच्या मारेकऱ्यालाही शस्त्र विकते.

शिवाय हे रक्षण सर्वांना सारखे लाभत नाही. मार्च 2020 मध्ये लुइव्हिल येथे मध्यरात्री पोलिसांनी ब्रिओना टेलर यांच्या घराचे दार फोडले. दरोडेखोर आले असे समजून त्यांच्या मित्राने स्वतःच्या कायदेशीर पिस्तुलातून एक गोळी झाडली. गृहरक्षणाची प्रत्येक जाहिरात जे करावयास सांगते तेच त्याने केले. उलट आलेल्या गोळ्यांनी ब्रिओना ठार झाल्या आणि त्या मित्रावर पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवला गेला; तो पुढे मागे घ्यावा लागला. दोघेही कृष्णवर्णीय होते. हक्क कागदावर सर्वांचा, पण तो बजावताना कातडीचा रंग पाहिला जातो.

येथे समाजवादी कार्यकर्ता एक आक्षेप घेईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. 1850 मध्ये कम्युनिस्ट लीगला उद्देशून लिहिलेल्या संबोधनात मार्क्स आणि एंगल्स यांनीच कामगारांनी शस्त्रे खाली ठेवू नयेत असे म्हटले नव्हते काय? होय, म्हटले होते. परंतु ते बोलत होते संघटित कामगारदलाविषयी, ज्याचे अधिकारी कामगारांनी निवडावयाचे होते. रात्री एकटा जागा राहून शेजाऱ्याच्या पावलांचा कानोसा घेणारा माणूस म्हणजे कामगारदल नव्हे. त्याचे शस्त्र त्याला संघटित करीत नाही. ते त्याला शेजाऱ्यापासून अधिकच तोडते. सामुदायिक प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या पगारातून विकत घ्यावे, हा विचार बाजाराचा आहे. आणि पगार तरी किती? अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी सव्वासात डॉलरवर गोठलेले आहे. पाच-सहाशे डॉलरचे एक पिस्तूल म्हणजे अशा मजुराची दोन आठवड्यांची कमाई.

या व्यवहारात उत्पादकाला मात्र असाधारण अभय आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी 1972 च्या कायद्याने निर्माण केलेल्या केंद्रीय आयोगाच्या कक्षेतून बंदुका वगळलेल्या आहेत. खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले तर आयोग ते बाजारातून परत मागवू शकतो, खऱ्या पिस्तुलाबाबत तो हतबल आहे. 2017 मध्ये पी 320 पिस्तूल हातातून पडल्यास गोळी सुटू शकते असे दिसून आले, तेव्हा दुरुस्तीची योजना कंपनीने स्वेच्छेने जाहीर केली. तशी सक्ती करण्याचा अधिकार त्या आयोगाला नव्हताच. 2005 मध्ये काँग्रेसने आणखी एक कायदा करून, शस्त्राचा गुन्ह्यात उपयोग झाल्यास उत्पादक व विक्रेत्यांवर भरावयाच्या बहुतेक दाव्यांचा मार्गही बंद केला.

मग काय करावे? ज्याला नेमबाजीची आवड आहे त्याने जरूर शिकावे, हाताला बसेल असे पिस्तूल निवडावे, आणि शक्य तेथे ते क्लबच्याच तिजोरीत ठेवावे. ज्याच्या घरी शस्त्र आहेच त्याने ते रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि घरात कोणी निराशेने ग्रासलेले असेल वा कलह पेटला असेल तर शस्त्र काही काळ घराबाहेर सुरक्षित जागी हलवावे. कोणते पिस्तूल घ्यावे याच्या कितीतरी आधी या घरात ते असावे काय, हे विचारले पाहिजे.

परंतु व्यक्तीच्या शहाणपणावर हा प्रश्न सुटणार नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात शस्त्र कुलपात ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तशी सक्ती सर्वत्र हवी. संतापलेल्या माणसाच्या हाती त्याच दिवशी शस्त्र पडू नये म्हणून खरेदी व ताबा यांत काही दिवसांचे अंतर हवे. पिस्तूल ही वस्तू आहे, तेव्हा तिला वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा लागू हवा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, मदतीसाठी हाक मारणाऱ्या मातेकडे धावून जाणारी पोलीस यंत्रणा, छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या स्त्रीला निवारा, खचलेल्या माणसाला उपचार आणि तरुणाला काम हवे. या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. त्या संघटित होऊन मागाव्या आणि मिळवाव्या लागतात. जेथे त्या मिळाल्या नाहीत तेथेच पिस्तुलाचा खप वाढतो, हे भारतातील कार्यकर्त्यांनीही ध्यानात ठेवावे.